एका पक्ष्यापाशी चार तास : पुण्यातून पक्षी-संशोधनात शिरू पाहणाऱ्यांसाठी

दर हिवाळ्यात वेताळ टेकडीवर कुणीतरी भेटतंच. गळ्यात नवी दुर्बीण, हातात मोबाइल. खाणीपर्यंत सोबत चाललो की हळूच प्रश्न येतो, "ताई, मला पक्ष्यांवर संशोधन करायचंय. जंगलात राहून. पण माझं शिक्षण कॉमर्सचं. कुणी घेईल का मला?"

घेतील. फील्डवर माणसं कायम कमी पडतात. संशोधक एक असतो, घरटी साठ असतात आणि विणीचा हंगाम अडीच-तीन महिन्यांत आटोपतो. नव्या मुलांना वाटतं, मुलाखतीत ‘किती पक्षी ओळखता?’ असं विचारतील. तेही विचारतात, पण जाता जाता. खरी चौकशी वेगळीच असते: एका जागी न हलता किती वेळ बसता येतं? दिसलं तेवढंच लिहिता का? दिसलं नाही, तर ‘दिसलं नाही’ असं लिहिता का?

या तिन्ही गोष्टी पुण्यात राहून, एक रुपया खर्च न करता शिकता येतात. म्हणून सुरुवात अर्जापासून करू नका. पक्ष्यापासून करा.

पहिली पायरी : एकच पक्षी निवडा

यादी वाढवण्याचा मोह मला कळतो. पाषाण तलाव झाला, कवडीपाट झालं, भिगवणचे रोहित झाले, आता सिंहगडाच्या दरीत नवरंग बघायचा. तो आनंद जरूर घ्या. पण वर्तनाचा अभ्यास म्हणजे पक्षी बघून पुढे जाणं नव्हे. पक्षी बघून झाला की तिथून पुढे तो सुरू होतो.

घराजवळचा, रोज भेटणारा, धीट पक्षी घ्या. टिटवी, वेडा राघू, दयाळ, सातभाई, यांतला कुठलाही चालेल. पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर मी डोळे मिटून सुगरण सुचवीन.

सुगरण हे नाव आपण बाईमाणसाचं ठेवलं, पण घरटं विणतो नर. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली बाभूळ, शिंदीचं झाड, कधी विजेच्या तारा, अशा ठिकाणी जूनपासून वसाहत उभी राहू लागते. नर गवताच्या पात्याला चोचीने चीर देतो आणि लांब पट्टी ओढून आणतो. आधी एक कडं, मग वरची घुमटी. घरटं अर्धवट असतानाच, उलट्या टोपीसारखं दिसत असताना, मादी तपासायला येते. पसंत पडलं तर नर पुढची अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नापसंत पडलं तर ते घरटं बहुधा तसंच अर्धं राहतं. एका मादीचं घर मार्गी लागलं की नर दुसरं विणायला घेतो. हे सगळं सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला, घराजवळच्याच वसाहतीचं निरीक्षण करून नोंदवलं. त्यांच्याजवळ त्या वेळी नोकरी नव्हती. पक्षी होते, वेळ होता आणि वही होती.

आता तुमचं काम. लोणी काळभोर, पिरंगुट, सासवड, कुठल्याही बाजूला शेतावरच्या विहिरीपाशी अशी वसाहत सापडेल. मालकाला विचारून जा. "काका, आठवड्यातून एकदा सकाळी इथं बसून पाखरांची नोंद केली तर चालेल का?" असं विचारलं की आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट दुसऱ्या वेळी चहा मिळतो आणि ‘यंदा घरटी त्या अंगाला सरकलीत’ अशी माहितीही. ती लिहून ठेवा.

वसाहतीपासून वीस-पंचवीस मीटर लांब बसा. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच नोंदवू नका, पक्ष्यांना तुमची सवय होऊ द्या. मग दोन प्रकारे नोंद घ्या.

एक, दर दहा मिनिटांनी सगळ्या झाडावरून एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी किती नर विणत होते, किती नुसते बसले होते, किती माद्या आल्या होत्या हे लिहायचं. याला स्कॅन म्हणतात. दोन, एकच नर निवडून पंधरा मिनिटं फक्त त्याच्यावर डोळा ठेवायचा: किती पट्ट्या आणल्या, किती वेळ विणलं, मादी आल्यावर पंख कितीदा फडफडवले, शेजारच्या घरट्यातून पट्टी चोरली का. ही फोकल नोंद. प्राण्यांचं वर्तन मोजण्याच्या या पद्धतींची नीट घडी जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली बसवली, आणि आजही जगभरच्या फील्डवर याच भाषेत बोलतात. फोकलमध्ये नर पानाआड गेला तर ‘दिसत नाही, ७:४२ ते ७:४५’ असं लिहायचं. तिथे जवळचा दुसरा, अधिक उत्साही नर धरायचा नाही. या चुकीमुळे काय होतं ते बघा: आपली नजर आपोआप हालचाल करणाऱ्याकडे जाते, आणि वहीतले सगळे नर दिवसभर राबणारे दिसू लागतात. प्रत्यक्षात पक्षी बराच वेळ काहीही करत नाही. तो ‘काहीही नाही’ हाही डेटा आहे.

जोडीला एक प्रश्न हवा. छोटासाच. घरटी झाडाच्या पूर्वेला जास्त आहेत की पश्चिमेला? आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्याचा घरट्यांच्या जागेशी काही संबंध दिसतो का? अर्धवट सोडलेल्या घरट्यांचं पूर्ण घरट्यांशी प्रमाण जुलैत किती, ऑगस्टमध्ये किती? दर रविवारी चार तास, जुलै ते सप्टेंबर. बारा-तेरा रविवार होतात. एवढी वही हातात असली की तुम्ही ‘आवड असलेले’ राहत नाही, काम केलेले होता.

वहीबद्दल दोन शब्द. पेन्सिलने लिहा, पावसात शाई पसरते. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. ढग, वारा, पाऊस आधी. त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये उतरवा, एका ओळीत एकच निरीक्षण. दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

सुगरण नको असेल तर सातभाई. टेकड्यांवर, सोसायट्यांच्या कुंपणाशी, कॅम्पसवर त्यांचे कळप असतात. आपण त्यांच्या कलकलाटाला कंटाळतो, पण सामाजिक वर्तनाच्या अभ्यासात या कुळाचा मोठा मान आहे. इस्रायलमध्ये आमोत्झ झहावी यांनी अरबी सातभाईंचा कित्येक दशकं अभ्यास केला. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारीत पांढऱ्या-काळ्या सातभाईंच्या कळपांवर २००३ पासून काम चालू आहे. तिथले पक्षी माणसांना इतके सरावलेत की खाऊच्या तुकड्यासाठी स्वतः वजनकाट्यावर उडी मारून येतात. त्यांचे चुलतभाऊ आपल्या दारात आहेत. कळपात पहाऱ्याला कोण बसतं, किती वेळ, आणि पहारेकरी बदलतो तेव्हा काय होतं, एवढं जरी महिनाभर नोंदवलंत तरी त्या प्रकल्पांची भाषा तुम्हाला कळू लागेल.

कान तयार करा

दाट झाडीत दहातले आठ पक्षी फक्त ऐकू येतात. त्यामुळे फील्डवर कानाची किंमत डोळ्यापेक्षा जास्त. पावशाचं ‘पेरते व्हा’ आणि तांबटाची ठोकठोक आपल्याला लहानपणापासून येते. नाचणाची शीळ, दयाळाची बदलती लकेर, शिंप्याचा त्याच्या आकाराला न शोभणारा आवाज हे पुढचे धडे. रोज सकाळी गच्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि दिशा लिहा: कुठून, कोण, कितीदा. मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं. त्याला मदतनीस समजा, साक्षीदार नव्हे. अ‍ॅपने नाव दाखवलं आणि तुम्हाला स्वतःला खात्री नाही, तर ते नाव वहीत जाता कामा नये.

गणनांमध्ये उतरा

एकट्याच्या वहीबरोबर चारचौघांच्या शिस्तीत काम करायची सवयही लागते. त्यासाठी पुण्यात वर्षभर संधी आहेत.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं काढा आणि ‘पूर्ण’ चेकलिस्ट भरायला शिका. म्हणजे त्या पंधरा-वीस मिनिटांत ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळा-पारव्यासकट, आणि प्रत्येकाचा आकडा. फक्त खास पक्षी टाकलेल्या यादीचा संशोधनाला फारसा उपयोग नसतो. कावळा नोंदवलाच नाही तर उद्या कावळे कमी झाले हे कळणार कसं? २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. १७८ जातींना तातडीने लक्ष द्यायला हवं, हे त्यातून पुढे आलं. तुमच्या गच्चीतली सकाळ त्या ढिगाऱ्यात खरोखर मोजली जाते.

नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. राज्यात तो २०२० पासून पाळतात. त्या आठवड्यात पुण्यात फेऱ्या, व्याख्यानं, गणना भरपूर. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना. ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ आणि तिच्याच जोडीला कॅम्पसवरच्या गणना. तुमच्या कॉलेजात होत नसेल तर तुम्ही सुरू करा, प्राचार्यांना एक पत्र पुरतं.

पाणपक्षी गणनेला भिगवणला नक्की जा. उजनीच्या फुगवट्यावर चक्रवाक, शेकाटे, पट्टकादंब यांचे थवे मोजताना अंदाजाचं गणित शिकायला मिळतं: दहाचा गट डोळ्यांत बसवायचा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते बघायचं. पट्टकादंबांच्या माना नीट न्याहाळा. मंगोलियात गळपट्टे घातलेले कादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्ट्यावरचा रंग आणि अक्षरं वाचता आली तर ती नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. एका पट्ट्याने हजारो किलोमीटरचा प्रवास जोडला जातो.

माळरानासाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचा छोटासा तुकडा, पण धाविक, माळटिटवी, चंडोल आणि हिवाळ्यात भोवत्या. इथे एक कळकळीची विनंती: मेंढ्या चारणाऱ्या धनगर मामांशी बोला. टिटवीने अंडी कुठे घातली, यंदा कोणता पक्षी उशिरा आला, हे त्यांना दिवसभर माळावर असल्यामुळे ठाऊक असतं. माळरानावरच्या प्रकल्पांत ज्यांना असं बोलता येतं ती मुलं टिकतात. मराठी ग्रामीण भागात काम करणाऱ्या बाहेरच्या संशोधकांना तुमची भाषा हवीच असते. अर्जात ती ठळक लिहा.

कायदा आधी वाचा

हा भाग लोक टाळतात आणि मग प्रकल्प अडचणीत येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या नुसती मारणं एवढीच नाही. पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस, अंडी किंवा घरटं विचलित करणं, हेही त्यात येतं. फोटोसाठी फांदी बाजूला केली, घरट्याजवळ स्पीकरवर आवाज वाजवला, तर आपण त्या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभे असतो. पाखरू बिथरून उठलं की उन्हाळ्यात उघडी पडलेली अंडी काही मिनिटांत तापतात. टिटवी भर उन्हात पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तिला तुम्ही अर्धा तास उडवून ठेवलंत तर काय होईल, विचार करा.

अभयारण्यात संशोधन करायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पक्षी जाळीत धरणं, पायात कडी घालणं, ट्रान्समीटर लावणं हे परवान्याशिवाय होत नाही आणि नवख्याने तर नाहीच. सामील होण्यापूर्वी प्रकल्पाकडे परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका. चांगला संशोधक तो कागद स्वतःहून दाखवतो. घरट्यांच्या जागा कुठेही जाहीर टाकू नका.

संधी असतात कुठे

पुण्यापासूनच बघा. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे, विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग, पाषाणला आयसर, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र. इकॉलॉजिकल सोसायटी ही प्रकाश गोळे यांनी उभी केलेली जुनी संस्था. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनचं काम चालतं. या ठिकाणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या मुलांना मदतनीस हवे असतात आणि त्याची जाहिरात कधीच निघत नाही. ‘शनिवार-रविवार मी येऊ शकते, मोजमाप आणि नोंदी करीन’ असं सरळ सांगा. माझी पहिली तीन कामं अशीच मिळाली.

पुण्याबाहेर मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, कोइम्बतूरचं सलीम अली केंद्र, म्हैसूरचं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, बंगळुरूची अत्री ही पर्यावरण-संशोधन संस्था. यांच्या प्रकल्पांच्या जागा त्यांच्या संकेतस्थळांवर निघतात. हिमालयातल्या विणीचं काम एप्रिल-मेमध्ये सुरू होतं, तेव्हा चौकशी डिसेंबर-जानेवारीतच करा. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात न्यिशी जमातीचे गावकरी धनेशांच्या घरट्यांची राखण आणि नोंद करतात. ढोलीत स्वतःला चिणून घेतलेली मादी, बाहेरून फळं आणणारा नर, कितीदा, कुठली फळं, असं ते काम असतं. तिथे शिकायला मिळणं म्हणजे भाग्य, कारण तिथले खरे जाणकार गावातले आहेत.

परदेशातही दारं उघडी असतात. ऑक्सफर्डजवळच्या वायटम वनात रामगंगांच्या कुळातल्या पक्ष्यांचा अभ्यास १९४७ पासून सलग चालू आहे, फ्लोरिडातल्या आर्चबोल्ड संशोधन केंद्रात ‘स्क्रब जे’ नावाच्या निळ्या पक्ष्यांचा १९६९ पासून. असे दीर्घकालीन प्रकल्प हंगामापुरते सहायक घेतात. पण बऱ्याच वेळा फक्त राहणं-जेवण मिळतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आपला. आधी देशात एक-दोन हंगाम करा, मग तिकडचा विचार करा. तुमची किंमत तोवर वाढलेली असते.

पत्र कसं लिहायचं

लहान लिहा. ‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे’ हे वाक्य काढून टाका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी: ‘गेल्या पावसाळ्यात तेरा रविवारी मी सुगरणीच्या एका वसाहतीवर ५२ तास बसले. स्कॅन आणि फोकल नोंदी सोबत जोडल्या आहेत. सहाव्या रविवारी पावसामुळे दोन तास रिकामे गेले, ते तसेच दाखवले आहेत.’ त्याखाली कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात, दुचाकी-चारचाकी येते का, कोणत्या भाषा येतात, चालायची किती सवय आहे. संशोधकाचा एखादा लेख वाचून त्यातला एक खरा प्रश्न विचारलात तर उत्तम. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. ते लोक बहुधा नेटवर्क नसलेल्या ठिकाणी असतात.

हो म्हणण्याआधी

पैशांबद्दल स्पष्ट बोला. नेटसारखी परीक्षा उत्तीर्ण असाल तर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. साध्या सहायकाला त्याहून बरंच कमी मिळतं. माझं मत ठाम आहे: राहणं, जेवण आणि प्रवास मिळत असेल तर महिना-दीड महिना विनामानधन शिकायला हरकत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ फुकट राबवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. ज्यांच्या घरी पैसा आहे तीच मुलं मग या क्षेत्रात उरतात, आणि आश्रमशाळेत शिकलेली, जंगल खऱ्या अर्थाने ओळखणारी मुलं बाहेर पडतात. काम करण्यासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर तो अभ्यासक्रम आहे की नोकरी, हे लेखी विचारा.

मग सुरक्षितता. जवळचं रुग्णालय किती तासांवर? सर्पदंश झाला तर गाडी कोणाची? अपघात विमा आहे का? पहाटे अंधारात एकटीला पाठवतात का? शौचालय कसं आहे, खोली कोणासोबत? मुलींनी हे प्रश्न विचारायला अजिबात लाजू नये. आधीच्या हंगामात काम केलेल्या दोघींशी फोनवर बोलायला द्या, अशी मागणी करा. मी एका ठिकाणी हे विचारलं नव्हतं आणि चौथ्या दिवशी परत यावं लागलं. आणि शेवटी, श्रेय: लेखात आभारात नाव येईल का, प्रमाणपत्र मिळेल का, तुम्ही घेतलेल्या नोंदी तुम्ही पुढे वापरू शकता का.

पहिला आठवडा

सामान थोडं: आठ बाय बेचाळीसची दुर्बीण (पहिल्या वर्षी उसनी चालते), मळखाऊ रंगाचे कपडे, दोन जोड मोजे, पेन्सिली, डोक्याला लावायची बॅटरी, ओआरएस, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी. पहाटे साडेचारला उठणं, उजाडायच्या आत जागेवर पोचणं, दुपारी नोंदी भरणं, संध्याकाळी पुन्हा फेरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तो सगळ्यांना येतो, आणि खरी गडबड तिथेच होते.

माझ्या पहिल्या हंगामात अशाच एका धुक्याच्या सकाळी मला काहीच दिसलं नाही. रोज त्या घरट्यावर नर साधारण सहा वेळा यायचा, म्हणून मी सहा लिहिलं. संध्याकाळी आमच्या सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पलीकडच्या टेकडीवरून बघणाऱ्या मुलाने त्या घरट्यावर पहाटेच साप चढलेला पाहिला होता. नर आलाच नव्हता. सर रागावले नाहीत. त्यांनी माझा त्या आठवड्याचा सगळा डेटा बाजूला काढला, कारण आता त्यातला कुठला आकडा खरा हे सांगता येत नव्हतं. सात दिवस, रोज नऊ तास.

तेव्हा धुकं असेल, पाऊस असेल, डोळा लागला असेल, तर रकान्यात तेच लिहा. वेळ टाका, ‘निरीक्षण नाही’ लिहा, आणि पुढच्या दहा मिनिटांना पुन्हा दुर्बीण उचला.